सुई भरण्याआधी पिल्लाला जमिनीवर चालू द्या

यंदा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या सर्व पशुवैद्यांस,



तुमच्या विद्यापीठाचं मुख्य ठाणं नागपुरात असलं तरी तुम्ही मुंबईहून, परभणीहून, उदगीरहून, शिरवळहून शिकून येता. पाच-साडेपाच वर्षं गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या यांत गेली असतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या राज्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर पेटते. मांजर अभ्यासात कुठेतरी कडेला येत असणार, जसं ते घरातही कडेकडेनंच शिरतं. पण उद्या तालुक्याच्या गावी जरी पाटी लावलीत, तरी एखाद्या दुपारी कुणीतरी चपलांच्या खोक्यातून नाहीतर भाजीच्या पिशवीतून एक पिल्लू घेऊन येईल. टेबलावर ठेवलं की ते भेलकांडेल, मान डुलवेल, आडवं होईल. आणणारा विचारेल, "डॉक्टर, याचं काय करायचं?" या प्रश्नाला पहिल्या मिनिटात तुम्ही काय उत्तर देता, त्यासाठी हे पत्र आहे.

मी डॉक्टर नाही. मिरजेत एका छापखान्यात चौतीस वर्षं मी प्रूफं तपासली. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथे माणसाला चक्कर आली तर कानाचा, डोक्याचा, मणक्याचा, ज्याचा म्हणाल त्याचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर. मांजराला चक्कर आली तर मात्र काय करायचं हे मला साठी जवळ आल्यावर शिकावं लागलं, आणि तेही एका पिल्लाकडून.

भिंगरी आठ वर्षांपूर्वी श्रावणात आली. आमच्या बोळाच्या तोंडाशी रिक्षा लावणाऱ्या मुलाला एका गॅरेजच्या मागे तीन पिल्लं सापडली. आईचा पत्ता नव्हता. दोन टुणटुणीत होती, त्यांना दोन दिवसांत घरं मिळाली. तिसरी, तिरंगी भाटी, त्यानं माझ्या ओट्यावर आणून ठेवली. "काकू, ही दारू प्याल्यागत चालते. कोण घेईना. बघा की तुम्हाला काय जमतंय का."

महिन्या-सव्वा महिन्याची असेल. मी ओट्यावर बसून तिला अर्धा तास नुसती बघितली. पुढचा पाय ती उंबरा ओलांडल्यासारखा उचलायची, उंबरा नसताना. तो खाली यायचा तो मात्र मनात असेल तिथे नाही; वीतभर इकडे नाहीतर तिकडे. मागचे पाय फेंगडे, पोट जमिनीला टेकायला आलेलं. वाटी पुढे केली की मान हलायला लागायची, आणि तोंड वाटीच्या जितकं जवळ जाईल तितकी जास्त हलायची, शेवटी नाक धपकन खिमटीत. मग शिंकायची, आणि पुन्हा. पोट भरल्यावर झोपली. झोपल्यावर अंगाला साधा कंपही नाही. इतर कुठल्याही पिल्लासारखी, पाय वर करून, पोट उघडं टाकून. हे झोपेतलं शांत असणं मी तेव्हा फक्त पाहिलं. त्याचा अर्थ फार नंतर कळला.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांकडे नेली. नाव आणि गाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नव्हता. बाहेर शेळ्यांची रांग होती. त्यांनी भिंगरीला स्टीलच्या टेबलावर ठेवलं, चारी पाय चार दिशांना गेले, आणि ते म्हणाले, "जन्मजात आहे. याला औषध नाही. झोपवून टाकू, त्यातच दया आहे." बोलता बोलता सुई भरायला घेतली होती. मी विचारलं, "तिला दुखतंय का?" ते थांबले. खरं सांगायचं तर या थांबण्यासाठी मी त्यांना आजही मानते. "तसं सांगता येणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मग आठ दिवस द्या." ते आठ दिवस अजून चालू आहेत.

आता त्यांची पहिली दोन वाक्यं बरोबर होती हेही सांगते. जन्मजात होतं आणि औषध नव्हतं. चुकलं ते तिसरं वाक्य.

भिंगरीला जे आहे ते तुम्ही पुस्तकात वाचलं असेल: लहान मेंदूची अपुरी वाढ. हे माझ्या डोक्यात शिरलं ते माझ्याच धंद्याच्या भाषेत. कंपोझिटर मजकूर जुळवतो, पण जुळवलेला मजकूर थेट छापायला जात नाही. मध्ये प्रूफं बघणारा बसलेला असतो. लहान मेंदू हा शरीराचा प्रूफं बघणारा. मोठ्या मेंदूनं "वाटीकडे जा" असा हुकूम सोडला की पाय किती उचलायचा, मान कुठे थांबवायची, किती जोर फार झाला, याच्या दुरुस्त्या तो चालता चालता करतो. भिंगरीच्या डोक्यात हुकूम सोडणारा शाबूत आहे. तिला भूक कळते, राग कळतो, माझी चाहूल कळते, डबा उघडल्याचा आवाज तर दोन खोल्यांतून कळतो. फक्त प्रत्येक हालचाल प्रूफ न बघता छापली जाते. म्हणून नेम साधायला गेलं की कंप वाढतो, आणि झोपेत, जिथे काही साधायचंच नसतं, तिथे तो नसतो. यात वेदना कुठेच नाहीत.

हे दुखणं माणसाच्या नजरेत आलं त्यालाही शंभर-सव्वाशे वर्षांवर होऊन गेली. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळला सुरू झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या हेरिंगहॅम आणि अँड्र्यूज या दोन डॉक्टरांनी झोकांड्या खाणाऱ्या दोन मांजरांची हकिगत रुग्णालयाच्या अहवालात छापली आणि दोष लहान मेंदूत असल्याचं लिहिलं. गंमत बघा, ते माणसांचे डॉक्टर. त्यानंतर कित्येक दशकं हा घराण्यातून येणारा दोष समजला गेला. मांजरीच्या एका वेतात दोन-तीन पिल्लं अशी निघाली की लोकांनी रक्ताला बोल लावायचा, ही रीत आपल्याकडेच आहे असं नाही.

कोडं सुटलं १९६६ साली अमेरिकेत. किलहॅम आणि मार्गोलिस ही जोडी. उंदरांतल्या एका विषाणूमुळे हॅमस्टरच्या पिल्लांचा तोल जातो हे त्यांनी आधीच पाहिलं होतं, म्हणून मांजरांतही विषाणूच असावा अशी शंका त्यांना आली. तो निघाला, आणि पुढच्याच वर्षी तो दुसरातिसरा कुणी नसून मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू आहे हे सिद्ध झालं. म्हणजे ज्याला तुमच्या दवाखान्यातली पोरं "कॅट पार्वो" म्हणतात तोच.

या विषाणूला वाढायला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. मोठ्या पिल्लात अशा पेशी आतड्यात आणि हाडांच्या मगजात असतात. म्हणून उलट्या, जुलाब, आणि पांढऱ्या पेशी तळाला जाणं. पण गाभण मांजरीच्या पोटात, शेवटच्या काही आठवड्यांत, आणि जन्मल्यावर दोन-तीन आठवडे, पिल्लाच्या लहान मेंदूचा बाहेरचा थर रात्रंदिवस पेशी घडवत असतो. विषाणू नेमका तिथे पोचला तर तो थरच खाऊन टाकतो. मग विषाणू निघून जातो आणि भगदाड राहतं. आई कधी आजारी दिसतही नाही. एकाच वेतातल्या तीन पिल्लांपैकी एकालाच लागण व्हावी, किंवा एकाला फार आणि एकाला थोडी, असंही होतं. भिंगरीची दोन भावंडं सरळ चालत होती याचं मला वाटणारं नवल त्यामुळे संपलं.

यातली तुमच्या कामाची गोष्ट ही की भगदाड वाढत नाही. पिल्लू चालायला लागल्यापासून, म्हणजे तीन-चार आठवड्यांचं असल्यापासून, जसं डुलतं तसंच ते पुढे डुलतं. उलट अंगात ताकद आली की आपापल्या युक्त्या शोधतं आणि थोडं सावरतं. आयुष्य इतर मांजराइतकंच. म्हणूनच मी आठ दिवस म्हणते. आठवड्यानं तसंच असलं, खाऊन वजन वाढलं, तर ते जगणारं पिल्लू आहे. आठवड्यात चाल आणखी बिघडली तर तो दुसरा आजार आहे, आणि तेव्हा मात्र घाई करायची.

कारण तोल जाणं हा एक आजार नाहीच. इथे मला माझ्या शब्दांच्या नोकरीचा उपयोग झाला. मराठीत तोल जाण्याला किती शब्द आहेत! लटपटणं, भेलकांडणं, झोकांडी जाणं, गरगरणं, डुलणं, थरथरणं, फेंगडं चालणं, ठेचकाळणं. आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि मी चौतीस वर्षं लेखकांना त्यावरून छळलं. मांजर आणणारी बाई मात्र ते बहुतेकदा अचूक वापरते. डोळ्यांसमोर रोज दिसणाऱ्या गोष्टीला माणूस चुकीचा शब्द देत नाही. तुम्ही तिचा शब्द खाली लिहून घ्या, लगेच "ॲटॅक्सिया" करून टाकू नका. "थरथरतंय, नेम चुकतोय, पण खायला धावतंय" असं म्हणाली तर भिंगरीच्या जातीचं. "एकाच अंगाला जातंय, मान वाकडी धरतंय" म्हणाली तर डोळे बघा. बुबुळं झटके देत एका बाजूला पळत असतील. तिथे लहान मेंदूकडे जाण्याआधी कानात बॅटरी मारायची. "लटपटतंय, मागचं अंग धरत नाही" म्हणाली तर खायला काय घालता ते विचारा. हल्ली लाडानं नुसतं बोनलेस चिकन घालतात, महिनोन्महिने. पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, हाडं काडीसारखी होतात, मणका दबतो, आणि लोक म्हणतात पडलं असेल कुठून तरी. आणि "काल ठीक होतं, आज असं झालं" हे वाक्य ऐकलंत तर हातातलं काम बाजूला ठेवा.

त्या शेवटच्या वाक्यामागे काय काय निघू शकतं, त्यातलं मी तीन मांजरांच्या निमित्तानं जवळून पाहिलं आहे.

पहिलं, आमच्या पलीकडच्या बिल्डिंगमधलं चार महिन्यांचं पिल्लू. संध्याकाळी सगळं अंग फडफडत होतं, थरथर नव्हे, फडफड. विचारल्यावर कळलं की घरच्या कुत्र्यासाठी आणलेल्या गोचिडांच्या औषधातले उरलेले दोन थेंब "वाया कशाला जायचे" म्हणून मांजराच्या मानेवर टाकले होते. त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याचं यकृत ते पचवून टाकतं, मांजराला ती रसायनकला येत नाही. साबणानं धुऊन, स्नायू सैल करणारी औषधं देऊन ते वाचलं, कारण वेळेत नेलं. दुकानदारानं विकताना विचारलं नव्हतं, मालकानं खोका वाचला नव्हता. खोक्यावर मांजराच्या चित्रावर फुली होती, ती मी स्वतः पाहिली. छापलेलं कुणी वाचत नाही याचा याहून मोठा पुरावा मला नको.

दुसऱ्याची मान वाकडी होती. कानात पू. घरातच पडून असलेले कानाचे थेंब कुणीतरी आठवडाभर घातले होते. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब फाटलेल्या पडद्यातून आत उतरले की आतला कान, जिथे तोलाची नळीगिरी आहे, तिथेच विष होतं. हे तुम्हाला पाठ असेल, पण मेडिकलवाल्याला नाही. लहान मांजरांत मध्यकानातून वाढणारी मांसाची गाठही असते, तीही असंच डोकं तिरपं करते आणि श्वासाला घरघर लावते. कान बरा झाला तरी मान कधी कधी थोडी तिरपी राहते. त्या बोक्याची राहिलीये. तो जगाकडे कायम संशयानं बघतो असं वाटतं, इतकंच. जुलाबावर सढळ हातानं लिहून दिलं जाणारं मेट्रोनिडाझोलही जास्त झालं तर मांजर झोकांड्या खातं. औषधं कोणती चालू आहेत हा प्रश्न म्हणून विचारायचाच.

तिसरं वाचलं नाही. दहा महिन्यांचं, आधी सुस्त, ताप उतरेना, मग मागचे पाय वाकडेतिकडे, मग डोळ्याचा रंग बदलला. एफआयपी, म्हणजे मांजरांचा संसर्गजन्य पेरिटोनायटिस, मेंदूत उतरलेला. ते २०१७ साल होतं आणि तेव्हा याचा अर्थ एकच होता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांनी जीएस-४४१५२४ या रेणूचे निकाल छापले: ३१ मांजरांपैकी २५ तगली. त्याचाच भाऊबंद रेमडेसिव्हिर कोरोनात आपल्याकडे घराघरांत माहीत झाला. मेंदूतल्या एफआयपीला मात्रा जास्त लागते, खर्च मोठा येतो, तीन महिने रोज औषध. पण "काही होत नाही" हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही, आणि २०१९ च्या आधी शिकलेला डॉक्टर ते अजून सवयीनं म्हणतो. तुम्ही नंतर शिकलात. तुमच्या तोंडी ते शोभणार नाही.

आणि रेबीज. यावर मला अलंकारिक काही लिहायचं नाही. अनोळखी मांजराची चाल अचानक बिघडली, वागणं बदललं, लाळ गळतेय, चावायला येतंय किंवा उलट भलतंच अंगचटीला येतंय, तर आधी स्वतःचा हात सांभाळा. आणणाऱ्याला ते चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावा आणि त्याच दिवशी लस घ्यायला सरकारी दवाखान्यात पाठवा. "पिल्लूच तर आहे" हे ऐकून घेऊ नका. माझे आठ दिवस या पिल्लाला लागू नाहीत.

कोकणातल्या माझ्या मावसबहिणीनं हे सगळं ऐकून विचारलं, "आमच्याकडची मांजरं कच्चीच मासळी खातात, त्यांना कुठे काय होतं?" बंदरावरचं मांजर दहा प्रकारचं खातं, म्हणून होत नाही. पण एकच मासा रोज कच्चा घातला, आणि तो कॉमन कार्पसारखा असला, तर त्यातलं एक द्रव्य बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. मग मांजर मान खाली घालतं, ती वर उचलवत नाही, आणि झोकांड्या सुरू. शिजवून घातला तर तो दोष जातो. यावर औषध स्वस्त आहे, बी-१ चं इंजेक्शन. फक्त ते आठवायला हवं. मासे आणि मांजर म्हटलं की मला जपानमधलं मिनामाताही आठवतं. १९५० च्या दशकात तिथल्या कोळीवाड्यांत मांजरं नाचत नाचत समुद्रात पडायला लागली. लोक त्याला नाचरा रोग म्हणत. मग माणसं आजारी पडू लागली, आणि १ मे १९५६ रोजी त्या आजाराची सरकारदरबारी नोंद झाली. चिसो कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचं सांडपाणी एका मांजराला घातलं, क्रमांक ४००. तेही झोकांड्या खाऊ लागलं. कंपनीनं ते दाबलं. पारा होता. तेव्हा गल्लीत एकाच वेळी चार मांजरं भेलकांडायला लागली तर मांजरांपुरतं बघून थांबू नका.

सगळीच डुलणारी पिल्लं वाचवायची असं मी म्हणत नाही. पर्शियनचा धंदा आपल्याकडे फोफावला आहे, आणि पर्शियनमध्ये अल्फा-मॅनोसिडोसिस नावाचा आनुवंशिक आजार आढळतो. पेशींत कचरा साठत जातो, पिल्लू आधी थरथरतं, मग दर आठवड्याला खालावतं, आणि सहा महिन्यांचंही होत नाही. तिथे सुई हीच दया असेल. लहान मेंदूचंही इतकं बिघडलेलं पिल्लू असतं की त्याला तोंड वाटीपर्यंत नेताच येत नाही. तो निर्णय तुमचाच. मी फक्त इतकं मागते की तो चाळीस सेकंदांत आणि निसरड्या टेबलावर होऊ नये.

घरी काय करायचं हे लोक तुम्हाला विचारतील आणि पुस्तकात ते फारसं नसतं, म्हणून माझ्याकडचं सांगते. भिंगरीचा खरा शत्रू विषाणू नव्हता, फरशी होती. माझ्या जुन्या घरात मागच्या दोन खोल्यांत खडबडीत शहाबादी आहे आणि पुढच्या खोलीत भाच्यानं हौसेनं बसवलेली चकचकीत व्हिट्रिफाइड. शहाबादीवर ती डुलत डुलत पण जाते. व्हिट्रिफाइडवर चारी पाय पसरून पोहते. शेवटी पुढच्या खोलीत सतरंजीची जुनी पट्टी दारापासून खिडकीपर्यंत अंथरली, तिचा रस्ता म्हणून. आठवड्यात तिला तो कळला. पाहुणे त्या पट्टीवर उभे राहिले तर ती त्यांच्यासमोर थांबून बघत राहते. वाटी पितळेची, जड, चार बोटं उंचीवर ठेवलेली, म्हणजे मान फार खाली न्यावी लागत नाही. भिंतीला एक कूस टेकवून ती खाते; हे तिचं तिनं शोधलं. शी-शूचं टोपलं पसरट, एका बाजूची कड कापलेली. नखं अगदी मुळापर्यंत कापू देत नाही, कारण पकड त्यांचीच. चढायला येतं तिला, नखं रोवत रोवत. उतरायला येत नाही, म्हणून पलंगाच्या कडेला गोधड्यांची पायरी. मांजर कसंही टाका चारी पायांवर पडतं म्हणतात, ते भिंगरीला सांगून उपयोग नाही. गच्चीचं दार म्हणून बंदच असतं, आणि ती घराबाहेर जात नाही. नसबंदीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालं. त्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघून काहीही विशेष म्हटलं नाही, फक्त वजन विचारलं. मला ते फार आवडलं.

लोकांना मात्र बघवत नाही. शेजारच्या आजी पहिली दोन वर्षं म्हणायच्या, "कशाला बाई त्या जिवाला ठेवलंय." एकदा दुपारी त्या आल्या तेव्हा भिंगरी झुरळामागे होती. तिनं झडप घातली, हातभर बाजूला पडली, उठली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली. सहाव्या-सातव्या वेळी झुरळच दमलं. आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या दिवसानंतर ते वाक्य बंद झालं. आता त्याच तिला "आमची भिंगरी" म्हणतात आणि दर शुक्रवारी तिच्यासाठी सायीचा चमचा घेऊन येतात, जो तिला चालत नाही आणि जो मी गुपचूप ओतून टाकते.

एक काम तुमच्या हातात असं आहे की ज्यानं पुढची भिंगरी जन्मणारच नाही. पॅनल्यूकोपेनियाची लस. मांजर पाळणाऱ्याला रेबीजचं इंजेक्शन माहीत असतं, ही ज्यात असते ती तिहेरी लस माहीत नसते. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांचं पिल्लू होईपर्यंत. हे अंतर का, तर आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीला मधेच मारून टाकतं आणि ते नेमकं कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. आणि एक सावधगिरी: जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देऊ नका, चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लालाही नको, नाहीतर जो खेळ रानातला विषाणू करतो तोच लसीतला करू शकतो. रस्त्यावरच्या मांजरीला "पकडलीच आहे तर टोचून टाकू" म्हणण्याआधी पोटावरून हात फिरवा.

विषाणू चिवट आहे. फरशीच्या फटीत, पिंजऱ्याच्या गजांवर वर्षभर तग धरतो. स्पिरिटनं, हाताला चोळायच्या सॅनिटायझरनं तो मरत नाही. आधी घाण साबणानं धुऊन, मग एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. तुमच्या दवाखान्यात पार्वोचं एक पिल्लू येऊन गेलं आणि त्याच टेबलावर तासाभरानं गाभण मांजर आली, तर पुढच्या महिन्यात डुलणारी पिल्लं कुठून आली हे कुणालाच कळणार नाही.

या पत्राबरोबर तुम्हाला भिंगरीचा फोटो पाठवला असता, पण फोटोत ती अगदी साध्या मांजरासारखी दिसते. तिला बघायचं तर चालताना. म्हणून मालकांना सांगा, मोबाईलवर घरातल्या चालीची चित्रफीत घेऊन या. दवाखान्यात भेदरलेलं मांजर एक तर चालत नाही, किंवा भीतीनं वेगळंच चालतं.

आपली,
मिरजेची एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. टेबलाबद्दल लिहायचं राहिलं. तुमचं स्टीलचं टेबल धुवायला सोपं आहे हे कबूल, पण तोल नसलेल्या पिल्लाला त्यावर ठेवलं तर ते असतं त्याच्या दुप्पट वाईट दिसतं. आम्ही जाताना पिशवीत गोणपाटाचा एक तुकडा नेतो. डॉक्टर खाली उकिडवे बसतात, भिंगरी गोणपाटावरून त्यांच्याकडे डुलत डुलत जाते आणि त्यांच्या बुटाची लेस पकडायला बघते. तीन-चार वेळा चुकते. ते तोवर थांबतात.